जगाच्या शाळेचा निकाल

सातारा-सांगलीकडच्या वसंत व्याख्यानमालेत, कारखान्याच्या सभेत किंवा कुणाच्या एकसष्टीच्या सत्कारात एक वाक्य हमखास टाळी घेतं: “आम्हाला पुस्तकं शिकवू नका, आम्ही जगाच्या शाळेत शिकलोय.” बोलणारा बहुधा दोन-तीन संस्थांचा संचालक असतो आणि त्याची मुलं पुण्या-बंगळुरूला लाखांनी फी भरून पुस्तकंच शिकत असतात, पण ते असो. वाक्याचा पुढचा भागही ठरलेला असतो. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र परीक्षेपुरतं ठीक. समाज कसा चालतो हे प्राध्यापकापेक्षा पारावर बसणाऱ्याला जास्त कळतं.

हे हसून सोडून द्यावं, तर त्याचे परिणाम घरोघरी दिसतात. बारावीनंतर आर्ट्सला गेलेल्या पोराकडे घरचे काहीतरी गमावल्यासारखं बघतात. गावात सर्वेक्षणाला आलेल्या मुलीला चहा मिळतो, पण तिने विचारलेल्या प्रश्नांची टिंगल ती एसटीत बसायच्या आत सुरू होते. असं बोलणारी माणसं अडाणी नाहीत, अनेकजण कर्तबगार आहेत. म्हणूनच त्यांचं म्हणणं त्यांच्याच अंगणात नेऊन तपासलं पाहिजे.

वाळवा, तासगाव, कराड, खटाव, तालुका कुठलाही घ्या. पारावर सध्या चर्चा एकच: पोरांना मुली मिळेनात. मुलगा तिशीचा, निर्व्यसनी. चार-पाच एकर बागायत, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात जर्सी गाई. त्याचा बायोडाटा व्हॉट्सॲपवर इतका फिरतो की शेवटी त्याच्याच मामाच्या मोबाइलवर येऊन पोचतो. मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न असतो, पुण्यात फ्लॅट आहे का? यावर पाराचं निदान एका ओळीत आटोपतं: “मुलींच्या अपेक्षा वाढल्यात.” कुणी त्यात मोबाइलची भर घालतो, कुणी सिरियलची.

आता २००१ ची जनगणना उघडा. सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या. शेजारी कोल्हापुरात ८३९. राज्याची सरासरी ९१३. माणसाने हात घातला नाही, तर निसर्ग हजार मुलांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली पाठवतो. तेव्हा अंगणवाडीच्या वयाची असलेली ती मुलं आज पंचविशी-तिशीत आली आहेत. पारावर बसून ज्याच्या लग्नाची काळजी वाहिली जाते तो हाच मुलगा. अपेक्षा वाढल्या असतील, नाही कोण म्हणतं? पण हजारामागे शंभरएक मुली अपेक्षा ठेवायलासुद्धा जन्माला आल्या नाहीत, हे त्या निदानात कुठेच येत नाही.

ते येणार तरी कसं? न जन्मलेली मुलगी पारावरून दिसत नाही. प्रत्येक घराला आपलंच घर दिसतं: पहिली मुलगी होती, दुसरा मुलगा हवा होता, त्यात काय एवढं? घरात तो खासगी निर्णय असतो, तालुक्यात त्याची रीत होते, आणि रीत उघड्या डोळ्यांना दिसत नाही. ती बघायला मोजावं लागतं, तुलना करावी लागते, ‘इतक्या मुली असायला हव्या होत्या’ असा अंदाज आधी बांधावा लागतो. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये जगभरातल्या ‘हरवलेल्या स्त्रियां’चा हिशेब मांडला आणि आकडा दहा कोटींच्या पुढे नेला, तेव्हा त्यांनी नवीन माणसं शोधली नव्हती. नसलेली माणसं कशी मोजायची, ते दाखवलं होतं. जगाच्या शाळेत हा विषय शिकवत नाहीत.

‘आम्हाला सगळं माहीत असतं’ म्हणणाऱ्यांनी साताऱ्याच्या नकुशी आठवाव्यात. नको असताना झालेल्या मुलीचं नावच ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवायचं. ते नाव शाळेच्या पटावर, रेशनकार्डावर, लसीकरणाच्या कार्डावर वर्षानुवर्षं लिहिलं जात होतं. गुरुजी हजेरी घेताना ते रोज पुकारत होते आणि पोरगी ‘हजर’ म्हणत होती. माहीत नव्हतं असा एक माणूस गावात नव्हता. तरी त्या मुली शोधून ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने २८५ जणींना नवीन नावं देईपर्यंत तो गावाचा प्रश्न झाला नाही. ज्याला आपण अनुभव म्हणतो, त्यातला मोठा भाग नुसत्या सवयीचा असतो.

मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेव्हा एक डॉक्टर राक्षस ठरला आणि बाकीच्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. डॉक्टरचा गुन्हा गुन्हाच. पण त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्या बायकांना घेऊन कोण येत होतं, कुणाच्या गाडीतून, कुणाच्या पैशाने? तो प्रश्न विचारला असता तर बोट आपल्याच आळीकडे वळलं असतं. आणखी एक लाडकी समजूत इथे कोलमडते: शिक्षण आलं, पैसा आला की हे आपोआप बंद होईल. उसाचा पट्टा पश्चिम महाराष्ट्रातला सुखवस्तू पट्टा आहे. कारखाने इथे, दूध संघ इथे, कॉलेजं इथे, सोनोग्राफीची यंत्रंही इथे. समृद्धीने मुलगी वाचली नाही. पुढे वाटण्या होणार म्हणून एकच मुलगा पुरे, आणि तो मुलगाच हवा, हा हिशेब बागायतीतच पक्का झाला. पैसा आला की जुन्या रीती गळून पडतात, असं मानणारा एक विद्वानांचा सिद्धान्तही होता. तो चुकला. पण त्याची चूक पारावर सापडली नाही, जनगणनेच्या तक्त्यात सापडली.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू. मुली कमी पडल्यावर गाव काय करतं? वयातलं अंतर वाढवतं. हुंड्याची भाषा मवाळ होते, लग्नाचा खर्च मुलाकडचे उचलतात. तेही जमेना की मध्यस्थाला पैसे देऊन दूरच्या जिल्ह्यातून, कर्नाटकातून, कधी परराज्यातून मुलगी आणतात. मध्यस्थाला तिची जात विचारली जाते, पण फार खोदून नाही. तिचं आडनाव ‘आपल्यासारखंच’ आहे, एवढ्यावर भागतं. मात्र त्याच गावातल्या, त्याच कॉलेजात शिकलेल्या, दुसऱ्या जातीच्या मुलीशी त्या पोराचं जमलं, तर भावकी बैठक घेते. चारशे किलोमीटरवरची अनोळखी मुलगी चालते, चार घरं पलीकडची ओळखीची चालत नाही. हे कोडं सोडवायला पाराकडे एकच शब्द आहे, ‘रीत’.

कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात एक निबंध वाचला. विषय होता भारतातल्या जाती. त्याचं म्हणणं असं की जातीचा गाभा सोवळ्याओवळ्यात शोधू नका, तो जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे. हे बंधन टिकवायचं तर जातीच्या आत लग्नाच्या बायका आणि पुरुष यांचा मेळ सतत बसवत राहावा लागतो. नवरा मेला की बाई ‘जास्तीची’ होते. मग सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. बायको मेली की पुरुष जास्तीचा होतो. त्याला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. मग त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्यायची. सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन वेगवेगळ्या वाटणाऱ्या रूढी त्या विद्यार्थ्याने एकाच गणिताची तीन उत्तरं म्हणून मांडल्या. भीमराव आंबेडकर हे त्याचं नाव, हे सांगायला नको.

शंभर वर्षांपूर्वीचा हा निबंध हातात घेऊन आजच्या पारावर बसा. पुरुष जास्तीचे झाले आहेत, तेही विधुर होऊन नव्हे, जन्मापासूनच. बंधन तर सोडायचं नाही. मग गणित बसवायला दूरची मुलगी आणायची. तिची जात धूसर राहिली तरी चालते, कारण तिचं माहेर इथे नाही, तिच्या भावाला इथल्या बांधावर हक्क सांगायचा नाही, तिच्यामुळे शेजारच्या वस्तीशी सोयरीक होत नाही. जवळचं दार बंद ठेवण्यासाठी लांबचं दार किलकिलं करायचं. हा शेवटचा टप्पा आंबेडकरांच्या निबंधात नाही, तो माझा निष्कर्ष आहे. पण निबंध नसता, तर मीही ‘रीत’ म्हणून गप्प बसलो असतो.

यावर उत्तर ठरलेलं आहे: “बाबासाहेबांचं सोडा हो, त्यांनी भोगलं होतं. ते अनुभवातून बोलत होते, पुस्तकातून नाही.” मला हे उत्तर आदराच्या वेषातला आळस वाटतो. होय, भोगलं होतं, आणि इथेच भोगलं होतं. साताऱ्याच्या शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव आलं. त्याच सुमारास खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या वडिलांकडे जायला ही भावंडं मसूर स्टेशनवर उतरली. मुलं महार आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडं ठरलं. मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालत यायचं. पण असा गाडीवान त्या काळी हजारो मुलांना भेटला होता. अनुभव पुरेसा असता, तर हजारो निबंध झाले असते. साताऱ्यातला अनुभव आणि न्यूयॉर्कमधलं चर्चासत्र, दोन्ही एका माणसात एकत्र आली तेव्हा जातीचं स्पष्टीकरण मिळालं. यातलं फक्त पहिलं ठेवायचं आणि दुसरं ‘पुस्तकी’ म्हणून फेकायचं, हा बाबासाहेबांचा आदर नव्हे.

दुसरा दाखला पाण्याचा. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेला कुणी दोष देऊ शकत नाही. इथपर्यंत पार आणि भूगोलाचं पुस्तक यांचं एकमत आहे. फाटा पुढे फुटतो. पार म्हणतो, पाणी ज्याची जमीन त्याचं. आणि हे वाक्य तो निसर्गनियम असल्यासारखं म्हणतो. तो निसर्गनियम नाही. तोही एक सिद्धान्तच आहे, फक्त तो जमीनवाल्याच्या सोयीचा असल्यामुळे त्याला कुणी सिद्धान्त म्हणत नाही.

१९८२ चा गिरणी संप मोडल्यावर मुंबईहून परतलेले कामगार खानापूर तालुक्यात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. त्यांच्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. दुष्काळ का पडतो, हा प्रश्न त्यांनी देवाला न विचारता एकमेकांना, शास्त्रज्ञांना आणि अभियंत्यांना विचारला. येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेतो आणि नदी कोरडी पडते, हे तर डोळ्यांना दिसत होतं. ती वाळू गावाने स्वतः विकून त्या पैशात धरण बांधायचं, हे मात्र विचार करून सुचलं. तांदुळवाडी आणि बलवडीचं बळीराजा धरण असं झालं. पाणी कुटुंबाला समान, भूमिहीनालासुद्धा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायतीत माणशी पाण्याचा विचार आधी मांडला होता. इथे तो पुढे गेला, आणि तिथून आटपाडीकडच्या समन्यायी पाणीवाटपाच्या लढ्यात. भूमिहीनाला पाणी ही कल्पना कुठल्याही पारावर आपसूक उगवली नसती. पाण्याचा हक्क जमिनीच्या हक्कापासून वेगळा काढता येतो, हे कुणीतरी आधी डोक्यात वेगळं काढावं लागतं. भूक धान्याच्या टंचाईपेक्षा हक्काच्या टंचाईने पडते, हे सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात बंगालच्या दुष्काळावरून मांडलं होतं. येरळेच्या वाळूत त्याच विचाराची गावाकडची आवृत्ती उभी होती.

या चळवळीत गेल ऑम्वेट होत्या. अमेरिकेत जन्मलेल्या, बर्कलीला महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर १९७३ मध्ये पीएचडी केलेल्या, पुढे कासेगावात संसार करून तिथेच २५ ऑगस्ट २०२१ ला वारलेल्या. ‘पुस्तकी’ माणसाची व्याख्या करायची तर त्यांच्याइतकी पुस्तकी बाई जिल्ह्यात दुसरी नव्हती. आमचा सगळ्यांचा अभिमानाचा विषय, स्वातंत्र्यलढ्यातलं साताऱ्याचं प्रतिसरकार, त्याचंही एक उदाहरण त्यांच्या कामात आहे. बेचाळीसमध्ये बलियाचं सरकार काही दिवसांत संपलं, तामलुकचं १९४४ मध्ये. साताऱ्याचं १९४६ पर्यंत कसं टिकलं? पारावरचं उत्तर: “आमच्या मातीतच मर्द आहेत.” छान वाटतं ऐकायला, पण मग शेजारच्या जिल्ह्यांची माती काय वेगळी होती? ऑम्वेटबाईंनी बोट ठेवलं ते त्याआधीच्या दोन दशकांतल्या सत्यशोधक जलशांवर आणि शेतकऱ्यांच्या संघटनेवर. न्यायदान मंडळं चालवायला लागणारी माणसं तिथे आधीच घडली होती. या उत्तराने प्रतिसरकारच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं शौर्य तसूभरही कमी होत नाही. उलट ते शौर्य कशावर उभं होतं ते कळतं, म्हणजे पुन्हा उभं करायचं तर कुठून सुरुवात करायची तेही कळतं. मातीची स्तुती करून कुणाला काही उभं करता येत नाही.

“हे तर आम्हाला माहीतच होतं” हा विरोधकांचा हुकमी एक्का. अँथनी कार्टर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने फलटण तालुक्यात राहून गावच्या पुढाऱ्यांचे गट कसे बनतात यावर १९७४ मध्ये पुस्तक काढलं. त्यातलं बरंचसं फलटणच्या चहावाल्यालाही सांगता आलं असतं, हे मला मान्य आहे. पण चहावाला सांगतो तो अमुक पाटलाचा स्वभाव आणि तमुक आबांची दगलबाजी. कार्टर सांगतो की पुढारी एकमेकांशी जोडतात ते नातं वेगळं आणि मतदाराला बांधतात ते नातं वेगळं. पाटील बदलला, आबा गेले, तरी ही दोन्ही नाती का टिकतात, हे त्यामुळे समजतं. माणसांच्या स्वभावावर राजकारणाचं खापर फोडत राहिलं, की दर पाच वर्षांनी नवीन माणसाकडून निराश व्हायची सोय होते.

आणि गंमत बघा: जे सिद्धान्ताला नाकं मुरडतात, ते रोज सिद्धान्तावरच जगतात. पिवळ्या रेशनकार्डासाठी ते तहसीलदाराकडे शब्द टाकतात. त्या दारिद्र्यरेषेच्या चर्चेचा पाया गोखले संस्थेतल्या दांडेकर आणि रथ यांच्या १९७१ च्या अभ्यासाने घातला. रोजगार हमीच्या कामावर ते माणसं लावतात. ती कल्पना तासगाव तालुक्यातल्या विसापुरात वि. स. पागे यांनी आधी करून पाहिली, मग राज्याचा १९७७ चा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाचा. विचार नेहमी परदेशातून बोटीने येतात असं नाही, कधी ते विसापुरातून निघतात. पण ते विचारच असतात. कुणीतरी त्यांना गावाच्या गरजेपासून वर उचलून ‘सगळ्यांसाठी’ असं रूप दिलेलं असतं.

कोयना धरणाचंही थोडं. “प्रकल्पग्रस्तांना जमिनी मिळाल्या, आता कशाला आंदोलनं?” असं म्हणणारे कराड-पाटणमध्येच भेटतात. इरावती कर्वे आणि फलटणच्या जाई निंबकर यांनी कोयनेच्या विस्थापितांचं सर्वेक्षण केलं, डेक्कन कॉलेजने ते १९६९ मध्ये छापलं. नातेसंबंध हा कर्वेबाईंचा आयुष्यभराचा विषय, हा योगायोग मानू नका. नुकसानीच्या पंचनाम्यात जमीन, घर, झाडं यांचे रकाने असतात. सोयरिकीचा रकाना नसतो. खोऱ्यातलं गाव फुटून वेगवेगळ्या जिल्ह्यांत विखुरलं, की मुलगी कुठे द्यायची, मयताला खांदा कोण देणार, उसनं कुणाकडे मागायचं, ही सगळी यंत्रणा पाण्याखाली जाते. ती बुडाल्याचं नातेसंबंधांच्या अभ्यासकाला दिसलं, पंचनामा करणाऱ्याला दिसलं नाही.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र शंभर टक्के खरं आहे, आणि ते मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने म्हणायला तयार आहे. विद्यापीठातली बहुतेक माणसं गावाकडून माहिती नेतात आणि परत काही आणून देत नाहीत. प्रश्नावली भरून घेतात, पदवी घेतात, बढती घेतात. गावाला प्रबंधाचं मुखपृष्ठसुद्धा दिसत नाही. भाषा अशी, की ज्याच्यावर लिहिलं त्याला वाचता येऊ नये याची खास काळजी घेतल्यासारखी. शिवाय अनेक प्रबंध इकडून तिकडून उचललेले, निष्कर्ष आधी ठरलेले. याचा राग येणं रास्त आहे. पण बियाणं बोगस निघालं म्हणून शेतकरी पेरणी सोडत नाही, दुकानदाराच्या मानगुटीवर बसतो. विचारांच्या बाबतीत आपण मात्र पेरणीच सोडली आणि त्याला व्यवहारज्ञान असं नाव दिलं.

तर मागणी अशी. १९६२ मध्ये स्थापन झालेलं शिवाजी विद्यापीठ आज सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांसाठी आहे. इथल्या गावांवर, कारखान्यांवर, दुष्काळावर, लग्नांवर झालेले प्रबंध तिथल्या आणि कॉलेजांच्या कपाटांत आहेत. यापुढे ज्या गावावर प्रबंध होईल त्याचा आठ-दहा पानी, साध्या मराठीतला सारांश पदवी देण्याआधी त्या ग्रामपंचायतीत आणि गावच्या वाचनालयात जमा झाला पाहिजे. तो ग्रामसभेत वाचला जावा, गावाने त्यावर हरकती नोंदवाव्यात आणि संशोधकाने त्या हरकतींना लेखी उत्तर द्यावं. जुन्या प्रबंधांचे सारांश मराठीचे आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत करू शकतात. यासाठी नवीन कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही; विद्यापीठाचं एक परिपत्रक आणि ग्रामपंचायतीचं झेरॉक्स मशीन पुरे आहे.